भोकवाले

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांचे खरे नाव त्यांच्या गल्लीत कोणाला विचारले असते, तर विचारलेला माणूस डोके खाजवत उभा राहिला असता. पण ‘भोकवाले’ म्हटले की शाळेतून घरी चाललेले पोरही बोट करून दाखवी. किल्ल्या करून देणाऱ्याच्या आणि इस्त्रीवाल्याच्या मध्ये दाबून बसवल्यासारखे त्यांचे दुकान होते. आत दोन गिऱ्हाइके आली की तिसऱ्याने पायरीवर उभे राहून डोके तेवढे आत घालायचे. टेबलावर वाकड्या मानेचा दिवा, त्याच्या उजेडात पोट उघडून पडलेले एखादे यंत्र, आणि उजव्या हाताला, खिळ्याला टांगलेली छोटी केशरी ड्रिल. नावाचे मूळ त्या ड्रिलमध्ये होते.

संगणकातले बाकी सगळे भाग ज्याच्या अंगाखांद्यावर बसतात, ती मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड. कोणाचा मदरबोर्ड निकामी झाला आणि बदलावा लागला, की भोकवाले काढलेला बोर्ड आधी गिऱ्हाइकाच्या हातात देत. “नीट बघून घ्या, तुमचाच आहे ना?” म्हणत. मग तो परत घेत, लाकडाच्या ठोकळ्यावर आडवा ठेवत आणि ड्रिल लावून त्याला आरपार भोक पाडत. घर्रर्र आवाज होई, हिरवा भुगा उडे, करपल्यासारखा वास शेजारच्या इस्त्रीच्या वाफेत मिसळे. मग एक डोळा मिटून ते त्या भोकातून गिऱ्हाइकाकडे पाहत आणि म्हणत, “झालं. आता हा कोणाच्या घरात घुसणार नाही.”

याला कारण होते. उमेदवारीच्या काळात ज्या मालकाच्या हाताखाली ते शिकले, तो तोंडाचा मोठा गोड होता. एकाच्या यंत्रातला आजारी बोर्ड काढायचा, ब्रशने साफ करून चकचकीत करायचा आणि दुसऱ्याच्या यंत्रात ‘नवा’ म्हणून बसवायचा, हा त्याचा धंदा. असा एक बोर्ड भोकवाल्यांनी स्वतःच्या हाताने एका निवृत्त मास्तरांच्या संगणकात बसवला होता. तो थोड्याच दिवसांत बंद पडला. मास्तर आले, भांडले नाहीत, ओरडले नाहीत. दुकानाच्या पायरीवर संगणक मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. ते बसणे भोकवाल्यांच्या मनातून कधी गेले नाही. स्वतःचे दुकान उघडले त्या सकाळी त्यांनी देवापुढे हात जोडले आणि शब्द दिला, की माझ्या हातून निघालेला बोर्ड पुन्हा कोणाला फसवणार नाही. देवाला दिलेला शब्द त्यांनी अक्षरशः पाळला. भोक कुठे पाडायचे तेही ठरलेले. प्रोसेसरच्या खुर्चीला लागून, जिथे तांब्याच्या रेषा सर्वांत दाट असतात तिथे. म्हणजे जगातल्या कुठल्याही कारागिराला तो पुन्हा उठवता येऊ नये.

गिऱ्हाइके संकोचत. “काका, राहू द्या हो. आमचा काय तुमच्यावर विश्वास नाही?” म्हणत. आता हे ‘राहू द्या’ कसे असते ते घर चालवणारी कोणतीही बाई सांगेल. पाहुणा चहाला ‘राहू द्या’ म्हणतो तेव्हा आपण आधण ठेवायचे असते. खरेच राहू दिले, तर तो घरी जाऊन सांगतो की साधा चहासुद्धा विचारला नाही. भोकवाल्यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या मते कोणी संकोचाने विश्वास टाकावा आणि आपण तो पदरात पाडून घ्यावा, हेही एक प्रकारचे फसवणेच. म्हणून आयुष्यभरात ऐकलेल्या एकाही ‘राहू द्या’साठी त्यांनी ड्रिल खाली ठेवली नाही.

“इतकी भोकं पाडलीत,” त्यांची बायको म्हणे, “ती एका ठिकाणी पाडली असती तर घराला एक चांगली चाळण तरी झाली असती.”

“चाळण विकत मिळते,” भोकवाले म्हणत. “नाव मिळत नाही.”

“नाव! भोकवाले हे काय नाव आहे? मला बाजारात भोकवालीणबाई म्हणतात, तुम्हाला काय त्याचं.”

पण हे म्हणताना ती हसत असे, आणि बाजारात तसे कोणी म्हटले तर मान वळवून ओ देत असे.

भोकवाल्यांना एक थोरली बहीण. ते तिला ताई म्हणत, आणि ती त्यांना, ते आजोबा व्हायला आले तरी, छोट्या म्हणे. भोकवाल्यांनी आयुष्यात उघडलेले पहिले यंत्र म्हणजे ताईचे शिवणयंत्र. तेव्हा ते चड्डीत होते. उघडले झटक्यात, जुळवता काही येईना. वडील घरी आले तेव्हा ताई पुढे झाली आणि म्हणाली, “माझ्याच हातून पडलं.” बोलणी तिने खाल्ली. हा पलंगाखाली स्प्रिंग मुठीत धरून बसला होता.

ताई भरतकाम करी. हाताने नव्हे, यंत्राने. नवरा गेल्यावर तिने मागच्या खोलीत भरतकामाचे मोठे यंत्र बसवले, त्याला संगणक जोडला, आणि गणवेशांवर, दवाखान्याच्या कोटांवर, बेकरीवाल्यांच्या एप्रनवर नावे घालून देऊ लागली. नावे घालून देणारे आणखीही होते. पण ताईकडे लोक येत ते तिच्या अक्षरांसाठी. संगणकात तयार मिळणारी अक्षरे तिला आवडेनात. “ही सगळी एकाच साच्यातली पोरं,” ती म्हणे. म्हणून तिने स्वतःच्या हस्ताक्षरावरून एकेक अक्षर त्या भरतकामाच्या प्रोग्रॅममध्ये काढले. टाका कुठून सुरू व्हायचा, वळणावर किती दाट व्हायचा, एका अक्षराने दुसऱ्याचा हात कसा धरायचा, सगळे तिने ठरवले. फावल्या वेळात ते काम काही वर्षे चालले. पूर्ण झाले तेव्हा ताईच्या यंत्रातून निघालेले नाव असे दिसे, की कोणी आत्ताच, मनापासून, हाक मारल्यासारखे लिहिले आहे.

घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला ताईकडून एक पांघरूण येई. मऊ, पांढरे, आणि कोपऱ्यात पानांच्या वेलीचे एक वर्तुळ. वर्तुळाच्या आत मुलाचे नाव. भोकवाल्यांच्या मुलाचे ते पांघरूण विरून पारदर्शक झाले होते, तरी त्याच्या आईने कपाटात जपून ठेवले होते. आता त्याच मुलाची बायको दिवस भरत आलेली होती. नवे पांघरूण शिवून तयार होते, वेलही घालून झाली होती. नाव ठरायची तेवढी वाट होती.

अशात ताईचा संगणक आजारी पडला. काम चालू असताना पडदा अचानक निळा होई आणि यंत्राची सुई अर्ध्या नावावर थांबे. ताईचा फोन आला, “छोट्या, एका डॉक्टरीणबाईंचा कोट अर्ध्यावर अडलाय. त्यांचं आडनाव निम्मंच आलंय. तू ये बाबा.”

रविवारी दुपारी भोकवाले पिशवी घेऊन गेले. मागच्या खोलीत दोऱ्यांची रिळे भिंतभर लावलेली, खिडकीतून उजेड थेट यंत्रावर पडलेला. त्यांनी संगणकाचे झाकण काढले, टॉर्च मारला आणि जीभ टाळूला लावून ‘च्च’ केले.

“काय रे?” ताई म्हणाली. “असा डॉक्टरासारखा आवाज काढू नकोस. घाबरायला होतं.”

“ही छोटी छोटी पिंपं दिसतायत? डोकी फुगलीत बघ. वीज धरून ठेवायचं काम त्यांचं. म्हातारी झाली.”

“मीही झाले. माझं काय काढणार आहेस?”

“तुझं काही काढायला गेलो तर तूच माझं काढशील.”

ताई हसली. तिच्या हसण्याने भोकवाले खूश झाले आणि त्या खुशीत त्यांनी पुढचा निर्णय घेतला. तेवढी पिंपे बदलून तो बोर्ड आणखी काही काळ चालला असता, हे त्यांना दिसत होते. दुसऱ्या कोणाचे यंत्र असते तर त्यांनी तसे सांगितलेही असते. पण बहिणीच्या यंत्राला ठिगळ लावायचे त्यांच्या मनाला येईना. पिशवीत कोरा बोर्ड होता. त्यांनी तो येतानाच आणला होता, आणि ताईला चकित करायचे म्हणून फोनवर एका शब्दाने बोलले नव्हते.

“नवा टाकतो,” ते म्हणाले. “बघ कसा पळतो.”

“माझं सगळं राहील ना त्यात?”

“एक टाका इकडचा तिकडे होणार नाही.”

त्यांनी आधी ताईची प्रत्येक फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली, दोनदा तपासली. मग जुना बोर्ड सोडवला. तो निघाला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा बारीक, रंगीत भुगा चिकटलेला होता. कित्येक वर्षांच्या नावांचा. ताईने तो बोटाने पुसून घेतला आणि बोर्ड दोन्ही हातांत धरून बसली.

भोकवाल्यांनी कापडाच्या गठ्ठ्याखालचा लाकडी ठोकळा ओढला आणि पिशवीतून ड्रिल काढली.

“हे काय?” ताई म्हणाली.

“माझा नियम.”

“राहू दे रे.”

“अगं, उद्या लोक म्हणतील, बहिणीला सूट दिली.”

“कोण येतंय इथे बघायला? राहू दे ना, छोट्या.”

हे दुसऱ्यांदा म्हणताना तिने बोर्ड किंचित स्वतःकडे ओढला होता. भोकवाल्यांनी ते पाहिले. नंतर कितीतरी वेळा त्यांना ते ओढणे आठवले. पण त्या वेळी त्यांच्या कानांनी तो शब्द ओळखीचा म्हणून घेतला, चहाला ‘राहू द्या’ म्हणणाऱ्या पाहुण्याच्या शब्दासारखा. त्यांनी लाडाने तिच्या हातातून बोर्ड सोडवून घेतला आणि नेहमीच्या जागी, रेषा सर्वांत दाट असतात तिथे, भोक पाडले. मग एक डोळा मिटून भोकातून ताईकडे पाहिले.

ताई खिडकीबाहेर बघत होती. “झालं तुझं?” ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

नवा बोर्ड बसला. जुन्या बोर्डाच्या सवयी डिस्कवर तशाच ठेवल्या तर नव्याशी त्यांचे पटत नाही. नव्या सुनेला जुन्या सासूचे कायदे लावल्यासारखे होते. आज घर चालते, आणि उद्या निळा पडदा पडतो. म्हणून भोकवाल्यांनी डिस्क पुसून सगळे पहिल्यापासून घातले. संगणकाच्या मूळ सिस्टीमने नवे अंग बघून ओळख दाखवायला थोडे आढेवेढे घेतले. भोकवाल्यांनी फोन लावला, पलीकडच्या रेकॉर्ड केलेल्या बाईला आकडे ऐकवले, तिने दिलेले आकडे घातले, काम झाले.

“कोण रे ही? किती हुकूम सोडते!”

“माणूस नाही, रेकॉर्ड आहे.”

“असू दे. आभार मान तिचे. काम केलंन ना तिने?”

आणि भोकवाल्यांनी, बायकोला कळले असते तर महिनाभर पुरले असते, खरोखर त्या रेकॉर्डचे आभार मानले.

शेवटी राहिला भरतकामाचा प्रोग्रॅम. त्याच्या जुन्या खोक्यावर परवान्याचा नंबर छापलेला होता. भोकवाल्यांनी तो घातला. पडद्यावर एक ओळ आली: हा परवाना दुसऱ्या संगणकासाठी दिलेला आहे. त्यांनी पुन्हा घातला. पुन्हा तीच ओळ.

“काय म्हणतोय?” ताईने विचारले.

“काही नाही. तुला ओळखत नाही म्हणतोय. उद्या कंपनीला फोन करतो, पटवून देतो.”

कंपनीचा नंबर लागला तो एका पोहण्याच्या तलावाच्या कचेरीत. खोक्यावरचा पत्ता आता दुसऱ्याच कोणाचा होता. तो आठवडा भोकवाल्यांनी धागा धरून धरून घालवला आणि ज्याने ताईला तो प्रोग्रॅम विकला होता त्या माणसापर्यंत पोहोचले. तो आता गाद्या विकत होता. फोनवर मागून कोणीतरी गादीवर उड्या मारत असल्याचा आवाज येत होता.

“कंपनी केव्हाच मिटली हो,” तो म्हणाला. “पण तुम्ही घाबरू नका. परवाना जुन्या बोर्डाला बांधलेला असतो. आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो, बोर्ड बदलायच्या आधी परवाना सोडवून घ्या. त्यात तसं बटण आहे. ते दाबलं की प्रोग्रॅम एक छोटी फाईल काढून देतो, ती नव्यात घालायची. त्याला ना कंपनी लागते, ना इंटरनेट.”

“आता बदलून झालाय.”

“मग पुन्हा लावा की जुना! दहा मिनिटं चालला तरी पुरे. प्रोग्रॅम टाकायचा, त्याला आपला बोर्ड दिसला की तो गुपचूप उघडतो, बटण दाबायचं, संपलं. जुना बोर्ड आहे ना तुमच्याकडे?”

रविवारी पिशवीत टाकून आणलेला बोर्ड भोकवाल्यांच्या समोर टेबलावरच पडला होता. भोकातून टेबलाचे लाकूड दिसत होते.

“आहे,” ते म्हणाले.

“मग झालं तर!” गादीवाला म्हणाला. “नशीबवान आहात. लोक फेकून देतात.”

पुढच्या दुपारी भोकवाल्यांनी दुकानाचे दार अर्धे ओढून घेतले. फुगलेली पिंपे बदलली. ते काम चहा गार व्हायच्या आत झाले. म्हणजे ताईच्या घरी, त्या रविवारी, एवढ्यातच हा बोर्ड उभा राहिला असता. मग भिंग लावून ते भोकाच्या कडेला बसले. बोर्ड वरून एक पाटी दिसतो, पण आत थरावर थर असतात, आणि प्रत्येक थरात केसासारख्या रेषा. कडेला त्या तुटलेल्या रेषांची तांबडी टोके चमकत होती. केसाएवढी तार घेऊन त्यांनी एक टोक दुसऱ्याला जोडले, मग आणखी एक. मधल्या थरांतल्या रेषांपर्यंत काही पोहोचताच येईना. एक-दोन दिवस नव्हे, बरेच दिवस असे गेले. पंखा एकदा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. भोकवाल्यांनी कोणासाठी म्हणून जागा निवडली होती? जगातल्या कुठल्याही कारागिरासाठी. त्या कारागिरांत आपणही येतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

बायको डबा घेऊन आली. चाळणीचा विनोद तिच्या ओठांवर आला असावा, पण नवऱ्याच्या मानेकडे पाहून तिने तो गिळला.

“वन्सं फोनवर विचारत होत्या, छोट्या का येत नाही म्हणून,” ती म्हणाली. नणदेला ती वन्सं म्हणे.

“आधी हे उठू दे.”

“आणि नाही उठलं तर?”

भोकवाल्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले.

“मी देवाला सांगितलंय,” ती म्हणाली. “पण अहो, देवाला सांगून झालं म्हणजे वन्संना सांगून झालं असं होत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते ताईकडे गेले. ताई सुईत दोरा ओवायला खिडकीशी उभी होती. तिचा हात अलीकडे थोडा हले, म्हणून दोरा दोनतीनदा चुकून जात होता.

“ताई, ती अक्षरं उघडणार नाहीत.”

“आज नाहीत?”

“आज नाहीत. उद्याही नाहीत.”

ताईने दोरा खाली ठेवला. “पुसली गेली?”

“नाही, फाईली सगळ्या आहेत. एकूण एक आहेत. पण त्या उघडायला तो प्रोग्रॅम लागतो, आणि प्रोग्रॅमला जुना बोर्ड लागतो.”

“मग आण ना जुना बो...” म्हणता म्हणता ती थांबली. भोकवाल्यांना वाटले, आता ती ओरडेल तर बरे होईल. ताई स्टुलावर बसली.

“मी राहू दे म्हटलं होतं.”

“हो.”

“ऐकू आलं होतं तुला?”

“आलं होतं.”

“दोनदा म्हटलं होतं.”

“हो, ताई.”

“मग?”

“मला वाटलं, सगळे म्हणतात तसं म्हणतेयस.”

ताईने त्यांच्याकडे पाहिले. “सगळे बोलतात तसं मी तुझ्याशी कधी बोलले रे, छोट्या?”

भोकवाल्यांनी विचारले, “तुला माहीत होतं का? की तो लागेल म्हणून?”

“छे. मला त्यातलं काय कळतंय? इतकी वर्षं मुकाट्याने राबला, त्याला माझ्या डोळ्यांसमोर भोसकू नये असं वाटलं. एवढंच.”

त्यानंतर काय काय झाले ते सांगायला हवे, कारण भोकवाले हातपाय गाळून बसले नव्हते. त्यांनी भरतकामाचा दुसरा, नवा प्रोग्रॅम आणून दिला. जुन्या नावांच्या टाक्यांच्या तयार फाईली भरतकामाच्या यंत्राच्या पोटात शिल्लक होत्या. त्या नव्या प्रोग्रॅमने उघडल्या. पण त्यात अक्षरे नव्हती, नुसते टाके होते. भोकवाल्यांनी त्या नावांतून एकेक अक्षर कापून नवे नाव जुळवून पाहिले. ताईने कापडावर उमटलेले ते नाव डोळ्यांजवळ नेले.

“अक्षरं माझीच आहेत,” ती म्हणाली. “पण एकमेकांशी बोलत नाहीत. लग्नाच्या फोटोत रुसलेले पाहुणे उभे असतात ना, तशी उभी आहेत.”

“मग नवीन काढ. मी बसतो तुझ्याबरोबर.”

ताईने काढायला घेतली. चारपाच अक्षरांनंतर तिने पेन ठेवले. पडद्यावरची रेघ वळणावळणाला थरथरत होती. हात आता तो राहिला नव्हता, आणि ते कोणाच्याच दोषात बसत नव्हते. हस्ताक्षर म्हातारे होण्याआधी तिने ते त्या यंत्रात ठेवले होते, आणि भावाने कुलपासकट किल्लीला भोक पाडले होते.

संगणक मात्र असा चालत होता की विचारू नका. निळा पडदा कसला आणि अडणे कसले. सकाळी चालू केला की संध्याकाळपर्यंत हूं की चूं नाही. ताईची जुनी गिऱ्हाइके येत, त्यांची जुनीच नावे, जुन्याच मापात, ती घालून देई. नवे नाव घेऊन कोणी आले की ती दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगे. ज्यांचे आडनाव यंत्रात निम्मेच उतरले होते त्या डॉक्टरीणबाई कोट तसाच घेऊन गेल्या.

एकदा भोकवाले गेले तर यंत्राच्या शेजारी, भिंतीतल्या खिळ्यावर, तो जुना बोर्ड टांगलेला. शेवटचा प्रयत्न म्हणून तिथेच लावून पाहायला ते तो घेऊन आले होते, आणि तोही फसला तेव्हा तिथेच विसरून गेले होते.

“हे कशाला लावलंस?”

“भोक होतंच,” ताई म्हणाली. “अडकवायला सोपं गेलं.”

टोमणा होता की गंमत, ते तिच्या तोंडावरून कळेना. भोकवाल्यांनी हसायचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडला.

दुकानातही बदल दिसू लागला. बोर्ड काढायच्या आधी ते आता गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारत, या यंत्रात असा कुठला प्रोग्रॅम आहे का, जो यालाच ओळखतो? लोक गोंधळत. आणि भोकाची वेळ आली, कोणी “राहू द्या, काका” म्हटले, की भोकवाले ड्रिल हातात धरून त्या माणसाच्या तोंडाकडे निरखून बघत. “खरंच राहू द्या, की आपलं उगाच?” गिऱ्हाईक हसे. इस्त्रीवाला तिथून ओरडे, “भोकवाल्यांची धार गेली!”

मुलाला मुलगी झाली. मुलीचे नाव आईबापांनी आधीच ठरवून ठेवले होते. नवे होते, घरात कोणाचेच नसलेले. सुनेला ताईच्या पांघरुणाची गोष्ट ठाऊक होती, आणि पोर मनाने मोठी. ती सासऱ्यांना म्हणाली, “बाबा, आत्यांच्या मशीनमध्ये जी जुनी नावं आहेत ना, त्यातलंच एखादं ठेवू या की. आम्हा दोघांना चालेल. पांघरूण तर होईल.”

भोकवाल्यांच्या अंगात कितीतरी दिवसांनी जीव आला. डोक्यावरचे ओझे एवढ्याने उतरत असेल तर आणखी काय हवे? ते तसेच ताईकडे गेले, दारातूनच सगळे सांगितले. ताईने शांतपणे ऐकून घेतले.

“नाव ठरलं होतं ना त्यांचं?”

“ठरलं होतं. पण बदलायला तयार आहेत. आनंदाने तयार आहेत.”

“म्हणजे माझ्या यंत्राला जमत नाही म्हणून पोरीने जन्मभर दुसऱ्याच कोणाची तरी हाक ऐकायची?”

“अगं, तसं कशाला...”

“राहू दे, छोट्या.”

भोकवाल्यांच्या तोंडात पुढची वाक्ये तयार होती. सून काय म्हणाली, मुलगा काय म्हणाला, नावे कशी चांगली आहेत. आग्रह हा त्यांच्या हाडात होता. त्यांनी तोंड उघडले. भिंतीवरच्या बोर्डाकडे त्यांनी पाहिले नाही, पाहायची गरजही नव्हती.

“बरं,” ते म्हणाले.

ताईने कपाटातून पांघरूण काढले, झटकून घडी केली आणि त्यांच्या हातात दिले. कोपऱ्यात पानांच्या वेलीचे वर्तुळ होते, टाके एकसारखे, दाट. आत पांढरे कापड.

घरी बायकोने घडी उलगडली आणि तो कोपरा शोधून काढला. वर्तुळावरून बोट फिरवले.

“नाव?” तिने विचारले.

“राहू दे.”

“मी बाजारात जाणारच आहे उद्या. तिथून कोणाकडून तरी...”

“राहू दे,” भोकवाले म्हणाले.

जन्मभर या शब्दावर आधण ठेवत आलेली ती बाई. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिले, घडी पुन्हा तशीच घातली, आणि पांघरूण बाळाच्या खोलीत नेऊन ठेवले.